भावजींचा गुरुवार

माझे धाकटे दीर कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, पुढचं सगळं भावजींचं: प्लास्टरचा साचा, मेणात एकेक दात बसवणं, मग पक्की कवळी आणि शेवटी मशीनवर पॉलिश. हे काम ते आमच्या गॅरेजमध्ये करायचे. गॅरेजची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. आमची वसाहत शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी. घरं सगळी एका छापाची, आणि कोणाकडे कोण आलं हे समोरच्या खिडकीला आधी कळतं.

घरात आम्ही चौघं: मी, आमचे हे, सासरे आणि भावजी. भावजी एक्केचाळीसचे, बिनलग्नाचे. विषय निघाला की म्हणायचे, "दिवसभर लोकांची तोंडं बघतो, घरी आणखी एक कशाला?" आम्ही हसायचो आणि विषय तिथेच राहायचा. सासऱ्यांची कवळी अर्थात त्यांनीच केलेली. सासरे आल्या-गेल्याला विचारायचे, "माझ्या पोराचं काम आहे. अक्रोड फोडून दाखवू?"

मग भावजींचे हात थरथरायला लागले. मेण कापायची सुरी गरम असते, तिनं बोटं भाजली. दोन कवळ्या डॉक्टरांकडून परत आल्या. तसं आजवर कधी झालं नव्हतं. एक दिवस बसमध्ये त्यांच्या छातीत कळ आली, घामानं शर्ट भिजला, लोकांनी उचलून इस्पितळात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, ही मनाची घालमेल आहे, अँग्झायटी. कोणाशी तरी नीट बोलायला हवं. पण असं बोलायला बसणारी माणसं सगळी शहरात, आणि भावजींचा पाय आता बसच्या पायरीवर टेकत नव्हता.

म्हणून ते एका समुपदेशक बाईशी फोनवर बोलायला लागले; घरात हे फक्त मला माहीत होतं. गुरुवारी दुपारी तीनला गॅरेजचं दार आतून लावायचे आणि पॉलिशचं मशीन चालू ठेवायचे. मशीनची घरघर एवढी, की पलीकडे कोण काय बोलतंय याचा पत्ता लागू नये. चार महिने असंच चाललं. हात हळूहळू स्थिर झाले, ते नीट जेवायलाही लागले.

एका गुरुवारी वीज गेली. मी भांडी घासत होते. मशीन थांबलं, पण भावजींच्या कानात हेडफोन आणि समोर फोनवर ती समुपदेशक बाई. बोलण्याच्या भरात त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं मोठ्यानं बोलत होते.

"मी गे आहे, हे वाक्य मी आज पहिल्यांदा माझ्याच घरात बोलतोय," ते म्हणाले. पलीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकोणिसाव्या वर्षी बाबांनी मला एका डॉक्टरकडे नेलं होतं. गोळ्या, इंजेक्शनं, सहा महिने. मला उठवत नव्हतं. शेवटी खोटंच सांगितलं की बरा झालो. बाबा त्या दिवशी रडले होते, आनंदानं. बावीस वर्षं मी बरा झालेला आहे, मॅडम."

मी नळ बंद केला, हात पुसले आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. तेवढं शहाणपण मला सुचलं. पुढचं सुचलं नाही.

आमच्या ह्यांना वेगळाच संशय होता. भाऊ दर आठवड्याला दार लावून कोणाशी बोलतो, म्हणजे प्रकरण आहे, आणि आता लवकरच घरात लग्नाचा बार उडणार. ते खूश होते. बाबांना सांगतो म्हणाले. ते थांबवायचं म्हणून मी खरं काय ते सांगून टाकलं. "कुणाजवळ बोलू नका," असंही म्हणाले. त्यांनी दोन दिवस भावाकडे बघितलंही नाही.

रविवारी दुपारी सगळे जेवत होतो. बाबांच्या कानावर ते प्रकरणाचं आधीच गेलं होतं बहुतेक. ते भावजींना लाडानं म्हणाले, "अरे, त्या मुलीला एकदा घरी तरी आण. आम्ही काय खातो का तिला?"

भावजी गोंधळले. "कुठली मुलगी, बाबा?"

"मुलगी कसली," आमचे हे ताटात बघत म्हणाले. "त्याला मुली नको आहेत. औषधपाणी चाललंय फोनवर. विचारा त्यालाच."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी मान खाली घातली, आणि त्यातून त्यांना जे कळायचं ते कळलं.

बाबा उठले. बेसिनपाशी गेले, तोंडातली कवळी काढून पेल्यात ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. ती कवळी त्यांनी पुन्हा घातली नाही. दुसऱ्या कोणाकडून नवी करवली, तिनं हिरड्या सोलून निघाल्या, म्हणून तीही टाकली. मी सगळं कुस्करून द्यायचे. चार घास खाऊन ते ताट सरकवायचे.

भावजी आठ दिवसांत गेले. "बाबांसमोर येऊ नकोस," असं आमच्या ह्यांनी त्यांना सांगितलं होतं. दोन थांबे अलीकडे, लाँड्रीच्या वरची एक खोली त्यांनी घेतली. टेम्पोत मशीन चढवताना मी दारात उभी होते. ते "येतो" म्हणाले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात सासऱ्यांना न्यूमोनिया झाला. अंगात काही उरलंच नव्हतं. इस्पितळातून मीच भावजींना फोन केला. बस टाळून ते थोडं चालत आणि पुढे टॅक्सीनं आले. सासरे बोळक्या तोंडानं काहीतरी सांगत होते, आम्हाला एक अक्षर कळेना. भावजींचं आयुष्य बिनदातांच्या माणसांत गेलेलं. ते वाकले, ऐकलं, मान हलवली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. संध्याकाळी सासरे गेले. काय म्हणाले ते भावजींनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "वहिनी, आमच्या मॅडम म्हणतात, घरातलं एखादं माणूस एकदा बरोबर बसलं तर बरं. दुसरं कोण आहे मला? येणार असाल तर या."

मी गेले. खोलीत एक पलंग, खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर ओळीनं साचे. भावजींनी फोन साच्याला टेकवून उभा केला. समुपदेशक बाई माझ्याहून लहान दिसत होती, चष्मा, साधा स्वेटर. मी तिला आधीच म्हणाले, "यांना बरं वाटेल ना? म्हणजे, हे जाईल ना?"

"घाबरं होणं कमी होईल," ती म्हणाली. "बाकी त्यांच्यात बरं करण्यासारखं काही नाही. ते तसेच आहेत, आणि ठीक आहेत."

मग माझ्या तोंडून ते निघालं. "मी सांगितलं होतं. ह्यांना. वीज गेली होती त्या दिवशी."

"माहीत आहे," भावजी म्हणाले. "वहिनी, इथे आल्यावर पहिला महिना मी खोलीबाहेर पडलो नाही. या मॅडम रोज सकाळी दहा मिनिटं फोन करायच्या, जिवंत आहे का बघायला. आणि बाबा जाताना काय म्हणाले, सांगू? 'तू तर बरा झाला होतास.' एवढंच."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

"मला माफ कराल का हो?" मी विचारलं.

"माहीत नाही. आज तरी नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण येत जा. मंगळवारी मी मोकळा असतो."

तेव्हापासून मंगळवारी जाते. आमच्या ह्यांना सांगून जाते. ते ऐकतात आणि पेपर वाचत राहतात. भावजी अजून बसमध्ये चढत नाहीत, ठसे आणायला पायीच जातात. मागच्या मंगळवारी म्हणाले, माझ्यासारख्याच पाच-सहा जणांचा गट आहे, मॅडमनी जोडून दिला, त्यातला एकजण भेटायला येणार आहे, खोली आवरू लागाल का. मी पलंगावरची चादर बदलली. ते खिडकीशी बसून मेणात दात बसवत होते.