वारा कुठला?

मला त्या साहेबाचं तोंड फोडायचं होतं. हातानं नाही, आकड्यांनी.

आमचं घर अवसरी बुद्रुकजवळ, मंचरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेला. आईला दमा. नव्वदच्या दशकात रस्ता रुंद झाला आणि ट्रकचा थांबा आला तो नेमका आमच्या दारासमोर. सकाळी इंजिनं गुरगुरायला लागली की आई ओट्यावर बसून नुसत्या धापा टाकायची. तक्रार केली तर रस्त्यावाल्या साहेबाचं उत्तर आलं: गाड्यांचा धूर कुठं जाईल याचं संगणकावर मॉडेल केलंय, तुमच्या घराकडं धूर येत नाही. येत नाही! अरे, मग आईच्या छातीत काय अगरबत्ती जळत होती?

मी पेटलोच. पुण्यात शिकायला होतो, हट्टानं तेच मॉडेल शिकलो. गाड्या किती, घर रस्त्यापासून किती लांब, वारा कुठून कुठं. दोन वर्षं डोकं खपवलं आणि एके दिवशी त्यांच्या कागदात चूक सापडली. वारा पूर्वेकडून येतो, असं लिहिलं होतं. आमच्याकडं तो येतो पश्चिमेकडून, घाटाकडच्या डोंगरांवरून. म्हणजे धूर सगळा आमच्या घरात आणि कागदावर मात्र पलीकडच्या मोकळ्या रानात. लई आनंद झाला मला. आता सापडलास बेट्या!

ग्रामपंचायतीत बैठक लागली. आईवडील पुढंच बसले होते. मी सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, हा उलटा वारा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

साहेबानं शांतपणे पान उलटलं. "इथल्याच शेतकऱ्यानं सांगितलंय. ही त्याची सही."

सही वडिलांची होती.

वडील चाचरत उभे राहिले. "गाडीची काच खाली करून इचारलं यांनी, वारा कुठला? मी म्हनलं, उगवतीचा." खळ्यावर धान्य उफणताना भुसकट जिकडं जाईल तिकडचा वारा म्हणायची त्यांची उभ्या जन्माची सवय. "मला काय ठावं, हे कुठून येतो ते इचारत्यात?"

मी ओरडलो, "साहेब, गाडीतून उतरून एकदा उभे राहिला असतात तर गालाला कळलं असतं!" साहेबानं पेन काढून कागदावरची वाऱ्याची दिशा खोडली. थांबा हलवायचा ठरला. जिंकलो मी.

घरी जाताना वडील आईच्या मागं चालत होते. ती दम खायला थांबली की तेही थांबायचे, पण जवळ जात नव्हते. शेवटी आईच म्हणाली, "अवो, हात द्या की."

त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले आणि मग एक पुढं केला. त्या साहेबाला मी आजतागायत माफ केलेलं नाही.