रिमूव्हड टू कॅन्सस

मंदीच्या वर्षी आखातातल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात एकच काम उरलं होतं, ते म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याशा काउंटीचा जुना इतिहास टाइप करायचा. पहिली गिरणी कोणी बांधली, चर्चला जमीन कोणी दिली, कोणाला किती मुलं झाली. पानोपानी लिहिलेलं असायचं, अमका 'रिमूव्हड टू कॅन्सस'. मला वाटायचं, बिचाऱ्याची उचलबांगडी झाली. आमच्याकडेही रोज कोणीतरी रिमूव्ह होतच होतं, म्हणून मी हळहळत टाइप करायचो.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या केरळी बाई हसल्या. "अरे भाई, रिमूव्हड मतलब शिफ्ट हो गया. पुरानी इंग्लिश है."

म्हणजे ही माणसं आपणहून गेली होती! गाडीत बायकापोरं, भांडीकुंडी भरून, कोणालाही न विचारता. माझं डोकंच फिरलं.

माझा पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात होता. आईच्या वर्षश्राद्धाला जायचं म्हणून तो मागितला, तर म्हणाला, "प्रोजेक्ट खलास होने दो, फिर इन्शाल्ला."

मी जागेवर येऊन पुढचं नाव टाइप केलं. तोही कॅन्ससला गेला होता. सहकुटुंब.