श्रीपती दुपारी भात खात नसे

गाडीवर असला की श्रीपती दुपारी भाताला शिवत नसे. कोकणातल्या माणसाने भात टाळायचा म्हणजे खरं तर कठीणच. पण भात पोटात गेला की डोळे जड होतात, हे त्याला जांभ्या दगडाच्या चिऱ्याचे ट्रक चालवायचा तेव्हाच कळलं होतं. म्हणून रोज रात्री त्याची बायको कुसुम विचारायची, "उद्या भात की भाकरी?" उद्या गाडी आहे का, हे विचारायची तिची ती रीत होती. भाकरी म्हटलं की ती समजायची, नवरा उद्या रस्त्यावर.

त्या मे महिन्यात उत्तर रोज एकच होतं, भाकरी.

मे महिना ड्रायव्हरचा वैरी. आंबा, लग्नं, पर्यटक, सगळं एकदम येतं. झोप घरी मिळत नाही. स्टेशनच्या आवारात, हॉटेलच्या मागच्या पायरीवर, गाडीच्या सीटवर, मिळेल तिथे वेचून घ्यावी लागते. एका लग्नाच्या ट्रिपच्या आदल्या दिवशी श्रीपती पुण्याला माणसं सोडून परतला होता. अंथरुणाला पाठ टेकली न टेकली तोच उठून गाडी धुतली आणि रत्नागिरीहून एक कुटुंब घेऊन मंडणगडला लग्नाला गेला. संध्याकाळी परतायचं आणि लगेच स्टेशनवरची मुंबईची मंडळी गणपतीपुळ्याला पोचवायची. लग्नघरी यजमान पानाशी वाकून म्हणाले, "ड्रायव्हरदादा, वरण-भात तरी घ्या." तो नुसता हसला आणि दोन पुऱ्या खाऊन उठला.

भात नाही खाल्ला, तरी डोळे जडच होते.

अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस. चेहरा उन्हाने करपलेला, उजवा हात डाव्यापेक्षा काळा, कारण तो खिडकीत असायचा. पोरवयात चिऱ्याच्या खाणीवरून ट्रक, मग आंबा घाटातून कोल्हापूरला मासळी, आणि गेली कित्येक वर्षं रावजीशेटच्या प्रवासी गाड्या. गाडीला कधी ओरखडा नाही. पण त्याचा त्याला गर्व नव्हता, कारण गर्व केला की रस्ता ऐकतो, असं तो मानायचा.

रावजीशेटच्या काळी एक बरं होतं. प्रत्येक गावाच्या वेशीवर राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, एक छोटी घुमटी असते. तिथे गाडी थांबवायची, विडा नाहीतर विडी ठेवायची, झाडाखाली दोन मिनिटं बसायचं. त्या दोन मिनिटांची पंधराही होत. शेट विचारायचे, "उशीर का रे झाला?" आणि श्रीपती म्हणायचा, "देवाला थांबलो होतो." शेट म्हणायचे, "बरं केलंस." विश्रांती हा शब्द दोघांनी कधी उच्चारला नाही. देवाच्या नावावर सगळं भागायचं.

आता शेट खाटेला खिळलेले. धंदा मुलगा शुभंकर बघतो. मुलगा वाईट नाही, श्रीपतीला काका म्हणतो. पण त्याने गाड्यांना जीपीएस बसवलं आणि गाडी कुठे उभी राहिली की घरबसल्या त्याच्या मोबाइलवर ठिपका तांबडा होतो. मग फोन येतो, "काका, गाडी थांबलेली दिसतेय. काही प्रॉब्लेम?" प्रॉब्लेम काय सांगणार? झोप आली म्हणणारा ड्रायव्हर म्हणजे पाण्याची भीती वाटते म्हणणारा खलाशी. हळूहळू राखणदारांना नमस्कार चालत्या गाडीतून व्हायला लागले.

मंडणगडहून परत निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या सीटवर जनीआजी बसली होती. तिला मागे बसलं की गाडी लागायची. मागे तिचा मुलगा बाबू, सून मृणाली आणि भावकीतली आठ-दहा माणसं. थोडा वेळ जेवणावर टीका झाली, जिलबी पातळ होती म्हणून, मग एकेकाची मान कलंडली. गाडीत घोरण्याचा आवाज यायला लागला. ड्रायव्हरला त्याच्याएवढा जाच दुसरा नाही.

चिपळूण मागे पडलं. रस्त्याचं काम चालू, कुठे नवा गुळगुळीत तुकडा, कुठे वळवलेली वाट, पत्र्याची पिंपं. श्रीपतीने तंबाखू मळली, खिडकी पूर्ण खाली केली, डोळ्यांना बाटलीतलं पाणी लावलं. सावर्ड्याच्या अलीकडे एक पूल लागतो. पूल समोर दिसला, एवढं त्याला आठवत होतं.

मग पिंपं दिसली, अगदी नाकासमोर, आणि हात आपोआप वळला. समोरून आलेला डंपर हॉर्न वाजवत अंगाला घासून गेल्यासारखा गेला. मागे कोणीतरी झोपेतच "सावकाश हो" म्हणालं आणि पुन्हा घोरू लागलं.

पूल मागे गेला होता. तो कधी ओलांडला, हे श्रीपतीला ठाऊक नव्हतं.

 त्याला सखाराम आठवला. त्याच्याच बरोबरीचा, शेटच्याच गाडीवरचा. एका सरळ उतारावर गाडी दरीत गेली. सगळे ड्रायव्हर मयताला गेले आणि घरच्यांना म्हणाले, "ब्रेक गेले हो." असंच म्हणायचं असतं. मेलेल्याला झोप लागली होती असं कोणी म्हणत नाही. श्रीपतीही तेच म्हणाला होता. गॅरेजवाल्याने नंतर गाडी पाहिली. ब्रेक शाबूत होते.

"ड्रायव्हर," शेजारून आवाज आला. जनीआजी समोरच बघत होती. "पुढं घुमटी लागल. गाडी थांबव. विडा ठेवायचा राहिला माझा."

त्याने थांबवली. आजी सावकाश उतरली, पिशवीतून पान-सुपारी काढली, ठेवली, आणखी सावकाश चढली. निघाले. दोन मैलांवर पुन्हा, "थांबव."

"अगो आई, आता काय?" बाबू मागून वैतागला.

"ह्या गावचा राखणदार वेगळा. एकाला विडा दिला नि दुसऱ्याला नाय दिला तर रुसल."

"मग सगळ्या गावांना आमंत्रणंच वाटत बसू! संध्याकाळी माझी सोसायटीची मीटिंग आहे."

"तुझी मीटिंग तुझ्याबिगर चांगली व्हईल," आजी म्हणाली. मागे दोघं-तिघं खुदकन हसले.

श्रीपतीचा मोबाइल वाजला. शुभंकरच. "काका, दोनदा थांबलात. स्टेशनच्या गाडीची वेळ लक्षात आहे ना?"

"हो. पार्टीतल्या आजी थांबवतायत."

त्याला म्हातारीचा राग आला होता. उशीर हिने करायचा आणि बोलणी त्याने खायची. सावर्डं मागे टाकून थोडं पुढे गेल्यावर तिने तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा त्याने ब्रेक जरा जोरातच दाबला.

मोठा आंबा होता, खाली चिऱ्याचा पार, पारावर शेंदूर लावलेला दगड. आजी म्हणाली, "सगळी उतरा. गाऱ्हाणं घालायचं हाय."

"आई, गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं," बाबू म्हणाला.

"तुझा बाप घालायचा. तुला येतं?"

बाबूला येत नव्हतं. सगळे उतरले, चपला काढून दगडासमोर उभे राहिले. श्रीपतीही उभा राहिला. गाऱ्हाणं चालू असताना लांब उभं राहायचं नसतं, हे त्याच्या हाडात होतं.

आजीने पदर खोचला, हात जोडले, आणि तिचा आवाज एकदम पुरुषी झाला. "बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ही तुझी लेकरं पोरीच्या लग्नाला गेली व्हती, ती माघारी चाललीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जाताना वाट दावलीस, तशी येताना दाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडी हाकनारा तोपन तुझाच लेक. कवापासून निजलेला नाय. मगाशी पुलावर त्याचं डोळं मिटलं ते मी बघितलं. तोंडान सांगायला त्याला लाज वाटते. त्याला घटकाभर तुझ्या सावलीत निजव नि मंग आमा सगळ्यांना सुखान घरी ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा होकार सगळ्यांत मोठ्याने श्रीपतीच्याच तोंडून गेला. जन्मभराची सवय. शब्द बाहेर पडल्यावर अर्थ डोक्यात शिरला. बाकीच्यांचंही तसंच झालं असावं, कारण सगळ्यांच्या माना एकदम आजीकडे वळल्या.

"आई, काय म्हणालीस तू?" बाबूने विचारलं.

"तुला नाय सांगितलं. देवाला सांगितलं."

बाबू श्रीपतीकडे वळला. "तुम्ही झोपला होतात?"

बाकी कोणी पाहिलं नव्हतं. म्हातारीला भास झाला म्हटलं असतं तर बाबूने मान्य केलं असतं, त्याला मीटिंग होती. मालक, संध्याकाळची गाडी, उरलेला सीझन, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. श्रीपतीने आंब्याच्या बुंध्याला हात टेकला. सखारामच्या दारात आपण काय म्हणालो होतो ते त्याला ऐकू आलं.

"हो," तो म्हणाला. "लागली होती. पूल कधी गेला ते मला ठाऊक नाही."

मृणालीने तोंडावर हात घेतला. एक जण म्हणाला, बापरे. दुसरा म्हणाला, दुसरा ड्रायव्हर मागवा. बाबूने तावातावाने शुभंकरला फोन लावला, बरंच बोलला, आणि फोन श्रीपतीच्या हातात दिला.

"काका, पार्टीसमोर हे काय बोललात?"

"झालं ते बोललो."

"अहो, गाडी गरम झाली म्हणायचं, पंक्चर म्हणायचं. झोप लागली असं कोणी म्हणतं का? उद्या ही माणसं नेटवर लिहितील, माझ्या गाडीत कोण बसेल?"

"पंक्चर म्हटल्याने झोप जात नाही, शुभंकर."

 पलीकडचा आवाज उतरला. "आणि स्टेशनची ट्रिप?"

"माझ्याच्याने होणार नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच म्हटलं. म्हटल्यावर अंगातलं बळच गेलं. तो पारावर बसला, मग आडवा झाला. पाराचा चिरा उन्हाने तापलेला होता. पण त्याला ते जाणवलं नाही.

दुसरा ड्रायव्हर कुठून येणार? त्या दिवशी जिल्ह्यात मोकळा ड्रायव्हर मिळाला नसता. मंडळी लग्नातले लाडू काढून सावलीत पसरली. बाबू येरझारा घालत होता. श्रीपतीच्या खिशातला फोन वाजला तेव्हा आजीने तो काढून कानाला लावला.

"निजलाय तो. तू कोन? मालक? मंग तूपन नीज जरा."

फोन तिने पिशवीत टाकला, पान-सुपारीशेजारी.

श्रीपती उठला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. कोणीतरी त्याच्या डोक्याखाली दुमडलेला टॉवेल सरकवला होता. तो बाबूचा होता. त्याने तोंड धुतलं, लाडू खाल्ला, आणि गाडी चालू केली. हातखंब्यापर्यंत बाबू त्याच्या मागच्याच सीटवर जागा बसून होता. विश्वास ठेवला होता असं नाही, पण मधूनमधून काहीबाही विचारत होता, गाव कुठलं, मुलं किती. घरापाशी उतरताना आजीने फोन परत दिला आणि म्हणाली, "घरी जाऊन जेव."  श्रीपतीने तिची पिशवी दारापर्यंत नेऊन ठेवली.

त्यानंतर शुभंकरचा फोन आला नाही. भर सीझनमध्ये श्रीपती ओटीवर बसून राहिला. एकदा मारुती मंदिराकडे ड्रायव्हर उभे असतात तिथे गेला, तर एक जण म्हणाला, "काय श्रीपतीदादा, देवाला साक्षीला ठेवून निजलात म्हणे?" हशा झाला. तोही हसला. पांगापांग झाल्यावर त्यांतलाच एक तरणा ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन जवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "सावर्ड्याच्या अलीकडचा पूल ना? माझंपण झालंय तिथं." एवढंच बोलून तो गाडीत जाऊन बसला. त्याला देवरुखची पार्टी उचलायची होती.

कुसुम काही विचारत नसे. दुपारी गरम भात वाढायची, बांगड्याची आमटी वाढायची. तो जेवायचा आणि तिथेच भिंतीला टेकून झोपायचा, इतका गाढ की ती मधूनच येऊन त्याच्या छातीकडे बघून जायची.

मग एका संध्याकाळी फोन वाजला.

"काका, राग नाही ना?" शुभंकर म्हणाला. त्याचाही आवाज दमलेला होता. "उद्या मुंबई विमानतळ आहे. जाऊन-येऊन. माझ्याकडे माणूसच नाही."

"जाईन. पण तिथे निजेन आणि दुसऱ्या दिवशी येईन."

"पार्टी लगेच परतायचं म्हणतेय, काका."

"मग एकट्याने नाही जमणार."

"बाबा धंदा बघत असते तर त्यांनी तुम्हाला समजावलं असतं."

"तुझे बाबा मला देवाला थांबू द्यायचे," श्रीपती म्हणाला.

 "बघतो मी," शुभंकर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

श्रीपती फोन हातात धरून बसला. पुन्हा वाजेल असं त्याला वाटत होतं, आणि वाजू नये असंही वाटत होतं. आत कुसुमने भांडी घासून पालथी घातली, दिवा मालवला आणि दारात येऊन उभी राहिली.

"उद्या भात की भाकरी?"

त्याने फोनकडे पाहिलं. मग तो उशाशी न ठेवता लांब, खिडकीत नेऊन ठेवला.

"भात लाव," तो म्हणाला.