आईचे वाढते उपास

आमच्या आईच्या उपासांचं घरात भारी कौतुक होतं. सोमवार आणि चतुर्थी पहिल्यापासून होत्याच. मागच्या वर्षी गुरुवार वाढला, मग शनिवार. तिच्यासारखी निष्ठा कुणाची नाही, असं आजी शेजारपाजारी सांगत फिरायची. उपासाची भगर दिवसेंदिवस पातळ होत गेली आणि शेवटी नुसतं दूध राहिलं. आई वाळत चालली, तर तेही आम्ही उपासांच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. मीही, नाशिकला नोकरी करणारा, घरातला शहाणा.

शहराला लागूनच आमचा मळा, मी घरूनच कामावर ये-जा करायचो. आमच्याकडे बायका मागून जेवतात. आमची ताटं उचलून, बाजाराच्या मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की आई ओट्याखाली एकटीच बसायची. ती कशी जेवते हे कुणी पाहिलंच नव्हतं.

एका दुपारी दूधही उलटून पडलं, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. गिळायला त्रास कधीपासून होतो, असं डॉक्टरबाईंनी आम्हालाच विचारलं, कारण आई मान खाली घालून बसली होती. मी वडिलांकडे बघितलं, वडिलांनी माझ्याकडे.

"तिचे उपास लय असतात," वडील म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुर्बीण घालून तुकडा काढला, तपासला. अन्ननलिकेचा कॅन्सर, त्यातही दुर्मीळ, बारीक पेशींचा. एरवी हा फुप्फुसात होतो, अन्ननलिकेत फार थोड्यांना. घास अडकायला लागेपर्यंत तो बहुतेक वेळा पसरलेला असतो. आईच्या यकृतात पोचला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. केमोने गाठ झपाट्याने आक्रसेल आणि तितक्याच झपाट्याने परत येईल, वर्ष निघालं तरी पुष्कळ, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. नातेवाइकांनी 'दुर्मीळ' हा शब्द तेवढा उचलला. आजारच असा दुर्मीळ, मग घरच्यांना कसं कळणार? मला त्या शब्दाची चीड यायची, आणि त्याचा आधारही वाटायचा.

दुसऱ्या केमोनंतर तिला गिळता यायला लागलं. मी हट्टाने तिला आमच्याबरोबर जेवायला बसवलं. तिने सावकाश अर्धी भाकरी खाल्ली. आम्ही सगळे हात थांबवून बघत होतो. मला राहवलं नाही. एवढे दिवस घास अडकत होता तर बोलली का नाहीस, असं मी जवळजवळ रागानेच विचारलं.

"बोलले व्हते की," ती म्हणाली. "तू कामावर निघाला व्हता, बूट घालत व्हता. म्हनलं, घास छातीत अडकतो. तू म्हनला, वरून पाणी पी."

तिने दोष दिला नाही. पुढचा तुकडा मोडून घेतला.

तीन महिन्यांत गाठ परत आली आणि आई गेली. वरून पाणी पी, असं मी म्हणालो असणारच, तिला खोटं बोलायची सवय नव्हती. पण ती सकाळ मला काही केल्या आठवत नाही.