सोनीआजीची पुढची सीट

जीपच्या स्टँडवर माणूस काही दिवस उभा राहिला, की किस्से आपोआप जमतात. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, मग दुसरं करणार काय? जव्हारच्या आमच्या स्टँडवर निम्मे किस्से सोनीआजीचे आहेत. आणि तिच्या प्रत्येक किश्शात माझा दादा आहे. दादा होळीनंतर तापानं गेला. त्याची जीप आता मी चालवतो. शाळेत मी फार गेलो नाही, म्हणून घडलं तसंच सांगतो.

*

सोनीआजी जामसरची. जन्मभर जव्हारला रानभाजी विकली. पुढे तिला विसर पडायला लागला. भाजी आणायची विसरली, पण बाजाराला यायचं नाही विसरली. सकाळी रिकामी टोपली घेऊन स्टँडवर हजर! एकदा बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी विचारलं, काय भाजी आहे?

"खपली सगळी," आजी म्हणाली. "उद्या लवकर ये."

साहेब दुसऱ्या दिवशी खरंच लवकर आले.

*

घरी पुतणी तिचं खाणंपिणं बघायची, पण दिवसभर कोण बघणार? एकदा आजी पार रानात सापडली. तेव्हा तिचा मुलगा काळू भिवंडीहून आला. तिथं तो कापडाच्या लूमवर कामाला आहे. म्हणाला, हिला घेऊन जातो, कामावर जाताना खोलीला बाहेरून कडी लावीन. रागानं नाही, रडत म्हणाला.

दादानं त्याला चहा पाजला. "कडी कशाला लावतोस? आम्ही इतके जण आहोत की."

काळू म्हणाला, परत हरवली तर मात्र नेणार. त्या दिवसापासून स्टँडचा नियम झाला. आजीला नाही म्हणायचं नाही, पुढची सीट तिची, आणि संध्याकाळी कुणीतरी तिला दारात सोडायचं.

दादाचा रस्ता मोखाड्याचा. तरी ती उभी दिसली की म्हणायचा, "बस आये, माझ्या वाटंवरच हाय." जामसर त्याच्या वाटेवर कधीच नव्हतं.

*

नियम पाळायला आमचे लोक पक्के. यासीन नवीन ड्रायव्हर. आजी त्याला म्हणाली, माहेरी सोड. माहेर सूर्यमाळला. नाही म्हणायचं नाही, म्हणून पठ्ठ्या पॅसेंजरसकट डोंगर चढला! आजीनं उतरून पाडा बघितला आणि त्यालाच झापलं, "हा कुणाचा गाव? भाजी विकायच्या टायमाला मला फिरवतो व्हय?"

सगळे पॅसेंजर यासीनच्या नावानं ओरडत होते. एक म्हातारा तेवढा खूश. त्याला सूर्यमाळलाच जायचं होतं.

*

एकदा दादाच्या जीपमध्ये एक जाडजूड माणूस पुढच्या सीटवर बसला आणि उठेना. माझं डोकं फिरलं. मी त्याची बॅग उचलून रस्त्यात ठेवली. दादानं आधी मला दोन शिव्या दिल्या, मग बॅग झटकून त्याच्या हातात दिली.

"साहेब, ही सीट आईची आहे."

"कुणाच्या आईची?"

"स्टँडच्या."

तो गपचूप मागं जाऊन बसला.

*

दादा गेला आणि आजीनं मला विचारलं, तुझा भाऊ कुठंय? आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर रफिकचाचा. त्यांनी तिला जवळ बसवून खरं ते सांगितलं. ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन आली आणि पुन्हा तेच विचारलं. यासीन सांगायला गेला, तर चाचांनी अडवलं. "राहू दे. रोज नव्यानं रडवायचं का तिला?"

तेव्हापासून दादा खेपेवर आहे. मोखाड्याला गेलाय, येईलच. सगळे तेच सांगतात, मीपण सांगतो.

काळू भिवंडीहून स्टँडशेजारच्या एसटीडी बूथवर फोन करतो. आय हाय ना? आम्ही सगळे मिळून ओरडतो, हाय! कडी अजून लागलेली नाही.

*

परवा मला ते जमलं नाही. आजीनं दादाचं विचारलं आणि मी गाडी तशीच सोडून रस्त्यापलीकडच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. रडू आवरेना. चाचा, यासीन, सगळे लांब उभे.

आजी उठली. टोपली काखेत मारून माझ्यापर्यंत आली. मला तिनं ओळखलं नव्हतं.

"कुणाचा रं तू? घर सापडत नाही?"

मी मान डोलावली. तिनं माझा हात धरला, दादाच्या जीपपाशी आणलं, आणि पुढच्या सीटवर सरकून मला जागा केली.

"बस पोरा," म्हणाली. "माझ्या वाटंवरच हाय."