विचारून आत येणारं सॉफ्टवेअर

चिखलीच्या बस स्टँडजवळ मी आणि माझा मोठा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचो. गिऱ्हाइकं जिल्हाभर पसरलेली. खत-बियाण्यांची दुकानं, झेरॉक्सवाले, दोनचार शाळा. दुसरबीडहून फोन यायचा, प्रिंटर चालत नाही. जीपमध्ये अंग चोरून जावं, तर कुणीतरी भलताच प्रिंटर निवडून ठेवलेला. एक बटण दाबायला अर्धा दिवस. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात असला प्रवास. शेवटी ठरवलं की आता इथं बसूनच लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं.

तसली दोन सॉफ्टवेअरं आमच्यासमोर होती. एकात एकदा पासवर्ड टाकून ठेवला की कधीही आत जाता यायचं, कुणाला विचारायला नको. दुसऱ्यात समोरच्या पडद्यावर दर वेळी चौकट उघडायची, आत येऊ देऊ का म्हणून. दुकानदारानं 'हो' दाबलं नाही तर आपण दारातच उभे. दादाला पहिलं हवं होतं.

"हंगामात दुकानदार हो दाबाले बसते काय? फोनबी उचलत नाही ते," तो म्हणे. "तुले काऊन इतकं इचारत बसाचं हाय?"

मी भांडले. कॉम्प्युटरमध्ये लेकीबाळींचे फोटो असतात, घरातलं सगळं असतं, न विचारता शिरणारे आपण कोण? आठवडाभर दुकानात धुसफूस चालली. अखेर दादा कंटाळला आणि विचारणारं सॉफ्टवेअर घेतलं. मला फार बरं वाटलं.

रोहिणखेडला एका काकांचं कृषी केंद्र होतं. नात्यानं कुणी नव्हेत, पण वडिलांच्या वयाचे, म्हणून काका. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. त्यांची मुलगी बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. घरात निवांत जागा नाही, त्यामुळे ती दुकानातल्या कॉम्प्युटरच्या टेबलावरच पुस्तकं मांडून बसायची. ऑनलाइन क्लाससाठी त्याला कॅमेराही बसवून घेतलेला.

सॉफ्टवेअर टाकायला मी स्वतः गेले. काकांना समजावलं, चौकट आली की हो दाबा, आणि मग मी काय करते ते बघत बसा. त्यावर त्यांनी जीभ चावली.

"पाहत बसू? नाही ताई. पाहुना जेवत असला त त्याच्या ताटात कोनी पाहते काय? तुमी आपलं काम करा, आमी तिकडं तोंड करू."

मला हसू आलं आणि खरं सांगते, माया वाटली. आत येऊ का म्हणून विचारायला त्या कॉम्प्युटरचा नंबर लागायचा, तो कुणाकडंही असला तरी चाले. तो त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून काउंटरच्या काचेला चिकटवला होता, फोनवर मला पटकन सांगता यावा म्हणून. तो काढा म्हटलं. "हाव, काढतो ना," म्हणाले आणि चहा सांगितला.

पुढं काही दिवसांनी मुलीचा फोन आला. "ताई, कॅमेऱ्याचा लाइट आपोआप लागून राह्यला." मी आत जाऊन पाहिलं, तेव्हा काहीच दिसलं नाही. वायर ढिली असेल, दादा म्हणाला. पण माझं मन काही थाऱ्यावर येईना.

मग एका दुपारी काकांचा फोन. बिल निघत नव्हतं. मी आत यायला मागितलं, लगेच हो आलं. आत गेले आणि थबकले. कोपऱ्यात लिहून आलं होतं की माझ्याआधी आणखी कुणीतरी जोडलेलं आहे. पडद्यावर कॅमेऱ्याची खिडकी उघडी, तिच्यात ती मुलगी. मान पुस्तकात, केस पेन्सिलीनं वर खोचलेले, ओढणी खुर्चीच्या पाठीवर. तिच्या मागं काका, पाठमोरे, गिऱ्हाइकाला पोतं दाखवत. आणि बाण हलत होता. मी माऊसवरचा हात काढला, तरी हलत होता, अगदी सावकाश. तो खिडकीच्या कडेला गेला आणि चित्र पडदाभर झालं.

मी फोन लावला. चित्रातल्या काकांनी खिशातून मोबाइल काढलेला मला दिसला.

"काका, आधी इंटरनेटची वायर उपटा. आत कोनी परका मानूस हाय."

"परका कोन? तुमीच त हायेत."

"मी आता आली. तो माझ्या आधीपासून हाय. तुमी हो कोनाले म्हनलं?"

"दुपारी चौकट येते, मी हो दाबतो. रोजच येते ना. मले वाटलं, ताई येऊन राह्यल्या." मग त्यांचा आवाज खाली गेला. "पोरगी लाजे हो. उठू उठू करे. मीच म्हनलं, बस तू, वर पाहू नको, ताई घरच्याच हायेत."

बाण थांबला होता. बापाचं बोलणं ऐकून मुलीनं मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. मग तिचा हात मागं, ओढणीकडं गेला.

मी ओरडत होते, वायर काढा काका, वायर. ते मोबाइल कानाला लावून तसेच उभे होते, पोरीकडं बघत.