खुर्चीवरची चिठ्ठी

आमच्या घरात सध्या जिकडेतिकडे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटल्या आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी बायको सहा महिने परदेशी निघाली आहे आणि तिकडे अडायला नको म्हणून इंग्रजी शिकते आहे. पंख्याच्या बटणावर, नळावर, गॅसवर ‘टर्न ऑफ’. स्वेटरवर ‘पुट ऑन’. चपलांच्या कपाटावर ‘टेक ऑफ’ वाचून मात्र मी चक्रावलो. ते तर विमान करतं ना? चपला काढणं आणि आकाशात झेपावणं इंग्रजांना एकसारखं कसं काय वाटलं असेल?

मग वाटलं, आपण तरी काय वेगळे? दिवा लावतो, दार लावतो, कुकर लावतो आणि जीवही लावतो. कुणाची जोडी कुणाशी आणि का जमते, कोण जाणे. इतका संसार होऊनही आमच्या दोघांचंसुद्धा मला नीट सांगता येणार नाही.

काल माझ्या आरामखुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी दिसली, ‘लुक आफ्टर’. म्हणजे सांभाळणं, एवढं मला येतं.

“अगं, ही बाळासाठी असेल ना? इथे कशी आली?”

ती बॅग भरत होती. वर न बघताच म्हणाली, “आधी झबल्यावरच लावली होती. मग काढली आणि तिथे लावली. आता कुठे ठेवू, तुम्हीच सांगा.”

तेव्हापासून मी त्या खुर्चीत पाठ न टेकता बसतो आहे. चिठ्ठी निघून येईल, अशी भीती वाटते.